फासा पडायच्या आधी

"तुझा फायटर मारतच नाही, हेमा. नुसता उभा राहतो," नावेद म्हणाला आणि शेंगेचं टरफल त्यानं मुद्दाम माझ्या वहीवर टाकलं.

"उभं राहणं हेच त्याचं काम आहे."

"मग वॉचमन कर त्याला. शिट्टी दे, काठी दे. फायटर कशाला म्हणतेस?"

मी टरफल झटकलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. आठवडाभर खपून मी तो तक्ता केला होता. डावीकडे त्याचा फायटर, उजवीकडे माझा. दोघांनाही सुरुवातीला सारखेच गुण मिळालेले. ते कुठे खर्च करायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यालाच आम्ही 'बिल्ड' म्हणायचो. नावेदनं सगळे गुण ताकदीत ओतले होते. दोन्ही हातांनी पेलायची कुऱ्हाड, अंगावर चिलखत नाही, नाव वादळ. मी सगळे ढालीत घातले होते. माझ्या फायटरला मी छान भारदस्त नाव ठेवलं होतं, पण नावेद त्याला पहिल्या दिवसापासून भिंतोजी म्हणायला लागला आणि शेवटी मीही कागदावर तेच लिहिलं.

"हे बघ," मी म्हणाले, "एकच जनावर दोघांसमोर सोडलं, तर वादळ पाचव्या फेरीला मरतो. भिंतोजी अकराव्या फेरीलाही उभा आहे."

"आणि जनावर?"

"तेही उभं आहे."

नावेद टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला.

डिसेंबरमधला रविवार होता तो, दुपारचे दोन वाजत आलेले. आम्ही तिघं कौस्तुभ ढिकलेच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. नाशिकरोडहून देवळालीकडे जाताना बंगल्यांची जी शेवटची रांग लागते, त्यात त्याचं घर. मागच्या कुंपणापलीकडे ऊस. सकाळपासून तिथे तोड चालली होती आणि कोयत्यांचा आवाज मधूनमधून येत होता. कौस्तुभचे आईवडील सिन्नरला लग्नाला गेले होते. घरात आमच्याशिवाय फक्त त्याचे आजोबा, अण्णा. ब्याऐंशी वर्षांचे. जेवण झालं की ते कानाचं मशीन काढून डबीत ठेवायचे आणि पॅसेजलगतच्या आपल्या खोलीत झोपायचे. मग शेजारी बँड वाजला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. त्याचा जीव किती, बचाव किती, घाव किती, हे आकडे कागदावर मांडायचे. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगत आपल्या पात्रांना किल्ल्यांतून, गुहांतून नेतो, आणि राक्षस समोर आला की वीस तोंडांचा फासा टाकतो. आमचा सूत्रधार कौस्तुभ. त्याच्या मावसभावानं परदेशातून आणलेला एकच हिरवा फासा आमच्याकडे होता. नियमांचं पुस्तक झेरॉक्स करून स्पायरल मारलेलं. सोंगट्या म्हणून कॅरमच्या सोंगट्या, काळी माझी आणि पांढरी नावेदची.

मी मुळातच भित्री. लिफ्टला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, तोंडी परीक्षेत तर माझी दातखीळच बसायची. भित्र्या माणसाला ढाल आवडली तर त्यात नवल नाही. पण मला भिंतोजी आवडायचा तो वेगळ्याच कारणासाठी. शेजारच्या चौकोनात उभ्या असलेल्या सोबत्यावर वार आला, तर तो भिंतोजी स्वतः झेलू शकत असे. अट एकच होती. फासा पडायच्या आधी बोलायचं, "माझ्या अंगावर." एकदा फासा थांबला, आकडा दिसला, की मग कितीही गळा काढा, कौस्तुभ ऐकायचा नाही. "फासा पडला," एवढंच म्हणायचा. आकडा बघून शूर होण्यात काय अर्थ आहे, असं त्याचं म्हणणं. त्या टेबलावर मी तीन महिन्यांत चाळीसेक वेळा "माझ्या अंगावर" म्हटलं असेल. एकदाही आवाज कापला नव्हता.

तक्त्यात शेवटचा रकाना मी त्यासाठीच आखला होता. 'सोबत्यांना उपयोग.' भिंतोजीपुढे आठ. वादळपुढे शून्य.

"शून्य?" नावेदनं बोट ठेवलं. "अगं, निदान एक तरी दे. रडणाऱ्याला मिठी मारतो मी."

"नियमात मिठी नाही."

"बास, बास," कौस्तुभ म्हणाला. "आज निकाल लावून टाकू. दोघांना एकाच जनावरासमोर उभं करतो. ते जनावरांचं पुस्तक वर राहिलंय, घेऊन येतो." आणि तो जिना चढून गेला.

टेबलावर नकाशा पसरलेला होता. सूत्रधाराला दर आठवड्याला नवा किल्ला रचावा लागतो आणि कौस्तुभ जन्माचा आळशी. त्यानं आलेखाच्या कागदावर सरळ स्वतःच्या घराचा नकाशा काढला होता. स्वयंपाकघर म्हणजे भट्टी, बैठकीची खोली म्हणजे दरबार, पॅसेज म्हणजे भुयार, अण्णांची खोली म्हणजे शस्त्रागार. त्या खोलीच्या दारापाशी त्यानं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आतून भक्कम कडी.' सकाळपासून त्या कागदावर सोंगट्या सरकवून सरकवून तो मला पाठ झाला होता. टेबलापासून शस्त्रागार तीन चौकोन. भट्टीच्या दारापासून टेबल दोन चौकोन.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. स्टीलचं पातेलं असावं, गरगर फिरून थांबलं.

"मांजर," मी म्हणाले.

"दूध उघडं ठेवलंय का त्यानं?" नावेद उठला. मागचं दार आम्ही उघडंच टाकलं होतं. थोड्या वेळापूर्वी शेंगांची टरफलं टाकायला मीच बाहेर गेले होते.

नावेद स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पाठमोरा. मी त्याला हाक मारणार होते, पण त्याची पाठ काहीतरी वेगळीच दिसत होती. त्यानं उजवा हात हळूहळू मागे केला. पंजा उघडा, माझ्याकडे, अगदी किंचित हलणारा. त्याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. हलू नकोस.

मग त्याच्या कोपराच्या आणि चौकटीच्या मधून मला ते दिसलं. ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरजवळ. आधी मला नुसते ठिपके दिसले, मग त्या ठिपक्यांतून डोळे. कान मागे चिकटवलेले, ओठ वर गेलेला. टीव्हीवर दिसतो त्याहून लहान होता बिबट्या. पण त्याचा वास आला मला, ओल्या गोणपाटासारखा.

नावेद एक पाऊल मागे आला. अगदी सावकाश, डोळे तिकडेच. मग आणखी एक. तो बरोबर करत होता. मी बसून राहिले असते, तर तो तसाच एकेक पाऊल करत टेबलापर्यंत आला असता.

मी पळाले. खुर्ची मागे आपटली, त्याचा केवढा तरी आवाज झाला. मला एवढंच ठाऊक होतं, तीन चौकोन आणि भक्कम कडी. मी पॅसेजमध्ये शिरले, अण्णांचं दार ढकललं, आत गेले, दार लावलं आणि कडीसाठी वर हात नेला.

कडी नव्हती.

चार भोकं होती स्क्रूची, आणि कडीच्या आकाराचा एक फिकट डाग. माझी बोटं त्या भोकांवरून वेड्यासारखी फिरत राहिली. मी खाली बघितलं, बाजूला बघितलं. कुठेच काही नव्हतं. ते दार आतल्या बाजूला उघडायचं. मी पाठ दाराला लावली, एक पाय अण्णांच्या लोखंडी पलंगाच्या पायाला टेकवला आणि रेटून उभी राहिले.

बाहेरून दाराला धक्का बसला. दार बोटभर आत आलं. मी सगळं वजन मागे टाकलं, ते परत बसलं. पुन्हा एक धक्का आला, पहिल्यापेक्षा जोरात.  मी डोळे मिटले आणि रेटत राहिले. मग पॅसेजमध्ये काहीतरी धाडकन पडलं, फरशीवर नखं घसरल्याचा आवाज आला, एक ओरडणं ऐकू आलं, आणि पलीकडे कुठलंसं दार आपटलं. त्यानंतर शांतता.

वरून कौस्तुभचा आवाज आला, अगदी फाटलेला. "बिबट्या! घरात बिबट्या! अण्णांचं दार लावा रे कुणीतरी! अण्णांचं दार!"

तेव्हा मी पहिल्यांदा पलंगाकडे बघितलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. शाल खांद्यावरून घसरली होती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाहेर काहीच वाजत नव्हतं, आणि ते वाजण्यापेक्षा वाईट होतं. दाराला कान लावायचा धीर होत नव्हता. मला सारखं वाटायचं, ते दाराखालच्या फटीपाशी नाक लावून बसलंय. घामानं माझा कुर्ता दाराला चिकटला होता. उजव्या हातात अजून पेन्सिल होती आणि डाव्या मुठीत भिंतोजीचा कागद चुरगळलेला.

अण्णा कुशीवर वळले. डोळे उघडले. मला बघून उठून बसले आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "कोण? हेमा का? चहा झाला का गं?"

मी ओठांवर बोट ठेवलं. मान जोरजोरात हलवली.

"आँ? काय झालं? अशी काय उभी राह्यलीस दाराला?"

आता आत येतो, आता दार फुटतं, असं मला वाटलं. मी गुडघ्यावर कागद धरून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'बिबट्या.' अक्षरं माझी वाटत नव्हती. अण्णांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी आवाज उतरवला, म्हणजे त्यांना वाटलं उतरवला.

"घरात?"

मी मान हलवली.

"अन् पोरं? पोरं कुठंयत?"

मी बोटानं वर दाखवलं.

"दोघंबी?"

मी मान हलवली.

अण्णांनी पाय खाली सोडले. कोपऱ्यातली काठी घेतली नाही. पलंगाला धरत धरत माझ्यापाशी आले, वळले आणि आपली वाकलेली पाठ माझ्याशेजारी दाराला लावली. त्यांचं वजन असेल पन्नास किलो. शालीला कापराचा वास येत होता.

"कडी काढून टाकली ना कौस्तुभच्या बापानं, येड्यानं," ते म्हणाले. "मी इथं आत पडलो, तेव्हापासून. म्हणे अण्णा, तुम्ही आतून लावून घेता अन् आम्हाला तोडावं लागतं. आता बघ." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "भिऊ नको. मी हाये ना. दोघं मिळून धरू."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, भीतीनं.

कौस्तुभनं वरूनच फोन करून बोलावलेली वनखात्याची माणसं आली तेव्हा तीन वाजायला आले होते. आधी अंगणात फटाके वाजले, मग बॅटऱ्या, जाळी, बुटांचे आवाज. "दार उघडा, काही नाही, गेलंय ते," असं एक बाई म्हणाली. मला दार सोडवेना. अण्णांनीच मला बाजूला केलं.

बिबट्या कधीच गेला होता. ऊसतोडीच्या बायांनी त्याला कुंपणावरून परत उसात उडी मारताना बघितलं होतं, कौस्तुभची पहिली हाक ऐकू आली त्याच सुमाराला. तो आमच्या घरात मिनिटभर होता की नव्हता. मी पाऊण तास कुणाच्याही विरुद्ध उभी नव्हते.

पॅसेजमधल्या फरशीवर रक्त होतं. फरफटलेलं, अण्णांच्या दारापासून बाथरूमपर्यंत. बाथरूमच्या दाराला आतून कडी होती, ती कौस्तुभनं हाका मारून मारून उघडवली. नावेद कमोडच्या झाकणावर बसला होता, खांद्याला टॉवेल आवळून धरलेला. टॉवेल मूळचा कुठल्या रंगाचा होता, ते कळत नव्हतं. तो आमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पाचवी फेरी," आणि मग पुढे कोसळला.

त्याला उचलून नेत असताना मी मागे वळून अण्णांच्या दाराकडे बघितलं. बाहेरच्या बाजूनं, मुठीच्या उंचीवर, पाच बोटांचा लाल पंजा उमटला होता.

एकतीस टाके पडले. खांद्याला, पाठीला आणि उजव्या दंडाला. आत कुठेतरी एक नस तुटली होती. डॉक्टर म्हणाले, हात वाचलाय, बोटांचं नंतर बघू. संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्हाला आत सोडलं. नावेदची अम्मी पायथ्याशी बसली होती, अण्णा हट्टानं आले होते, कानात मशीन लावून. आणि मी दारात, जिथून पळता येईल अशा जागी.

"या पोरीनं वाचवलं मला," अण्णा नावेदच्या अम्मीला सांगत होते. "मी मेल्यासारखा झोपलेलो. पळत आली अन् दार धरून उभी राह्यली. एवढीशी पोर. मी नसतो आज."

अम्मीनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. 

 कौस्तुभ सारखा नावेदच्या बँडेजकडे बघत होता आणि मग माझ्याकडे. त्यानं तो पंजा बघितला होता. त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. नकाशा त्यानंच काढला होता, चौकोन त्यालाही पाठ होते.

"नावेद," तो म्हणाला, "एक सांग. तू दारापाशी..."

"मीच सांगितलं तिला, दार लाव म्हणून," नावेद म्हणाला.

कौस्तुभचं वाक्य पुरं व्हायच्या आत. फासा अजून फिरत असताना.

"अण्णा आत होते ना," नावेद पुढे म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. "मी ओरडलो, हेमा, अण्णांकडे पळ. आणि आतून धरून ठेव, मी म्हणालो तरी उघडू नको. ती बिचारी उघडत होती. मीच नाही म्हटलं."

"वाह, बेटा," अम्मी म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

कौस्तुभनं माझ्याकडे बघून मान हलवली, माफी मागितल्यासारखी. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण खोलीतली चारही माणसं माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघत होती, की माझी पाचावर धारण बसली. मी मान खाली घातली. त्यांनी तो विनय समजला.

त्यातलं काहीही घडलं नव्हतं. नावेदनं मला काही सांगितलं नाही. तो ओरडला नाही. मी पळाले तेव्हा अण्णा माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मी कडी शोधत पळाले. आणि दाराला बसलेले ते दोन धक्के बिबट्याचे नव्हते. पहिल्या धक्क्याबरोबर दारापलीकडून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून, कुणीतरी अगदी हळू म्हणालं होतं, "हेमा, मी आहे." आणि दुसऱ्या धक्क्याला, "हेमा, उघड गं."

मी ऐकलं होतं. कडी असती, तर पुढे कधीतरी स्वतःला सांगता आलं असतं, की कडी अडकली, हात थरथरत होते, निघाली नाही. पण कडी नव्हती. मी माझ्या पाठीनं, माझ्या पायांनी, होतं नव्हतं तेवढं बळ लावून त्याला बाहेर ठेवलं. आणि नंतर अण्णांनी विचारलं तेव्हा वर बोट दाखवलं, कारण खरं सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्या माणसानं दार उघडलं असतं.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. बसमध्ये सगळी वाक्यं घोकत गेले. तो गच्चीवर उन्हात बसला होता, हात झोळीत. मला बघून म्हणाला, "भिंतोजी आले." मी वही बरोबर नेली होती. का नेली, ते आता आठवत नाही. त्यानंच ती डाव्या हातानं ओढून घेतली आणि तक्त्याचं पान काढलं.

"नावेद," मी म्हणाले, "त्या दिवशी मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा."

तो वहीतच बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू झाली तेव्हा त्यानं मान वर केली.

"फासा पडला, हेमा," तो म्हणाला.

"पण तू खोटं बोललास. माझ्यासाठी."

"फासा पडला म्हटलं ना. आता काही बदलत नसतं." मग शेवटच्या रकान्यावर त्यानं अंगठा ठेवला, माझ्या त्या शून्यावर. "एवढं मात्र खोडून टाक. अपमान वाटतो."

मी पेन्सिल काढली. पण तिथे कुठला आकडा लिहावा, ते मला सुचलं नाही. आम्ही पुन्हा कधी खेळलो नाही. कौस्तुभनं फासा कुठे ठेवला कोण जाणे. अण्णा आणखी सात वर्षं जगले आणि दर दिवाळीला त्यांनी मला फराळाचा डबा पाठवला, वर चिठ्ठी, 'माझ्या ढालीला.' तो शब्द त्यांना कौस्तुभनं शिकवला असणार. डबा उघडताना दर वर्षी मला ओल्या गोणपाटाचा वास यायचा.

सोळा वर्षं झाली. नावेद आता नाशिकमध्येच असतो, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. गेल्या महिन्यात, शनिवारी सकाळी, त्याचा फोन आला.

"महरीनला खेळायचंय. शाळेत ग्रुप जमवलाय त्यांनी, बाकायदा. फायटर घेतलाय. मी म्हटलं, फायटरचं काय ते हेमा फुप्पीला विचार." फुप्पी म्हणजे आत्या. त्याची मुलगी मला हेच म्हणते, तिला बोलता येऊ लागल्यापासून.

महरीन बारा वर्षांची आहे आणि मुद्द्याचंच बोलते. "फुप्पी, कुऱ्हाडवाला चांगला की ढालवाला? अब्बू म्हणतात ढालवाला. पण तो तर मारतच नाही. नुसता उभा राहतो."

मी हसले. तिला रकाने आखायला सांगितले. जीव, बचाव, घाव, फेऱ्या. तिनं भराभर लिहून घेतलं. मग मी ढालवाल्याची खास गोष्ट सांगितली, शेजारच्याचा वार आपल्या अंगावर घ्यायची.

"पण फासा पडायच्या आधी बोलावं लागतं," मी म्हणाले. "नंतर चालत नाही."

"आणि नाही बोललं तर?"

"तर तो शेजारच्याला लागतो."

"आणि आपल्याला?" महरीननं विचारलं. "आपल्याला काहीच नाही होत ना?"

 तीच जुनी भीती, पाठीकडून वर चढणारी. फोन स्पीकरवर असावा, कारण मागून नावेदचा आवाज आला, घाईघाईनं, नेहमीसारखा हसरा. "चल, बस झालं महरीन. फुप्पीला कामं असतात. बाकीचं मी सांगतो तुला."

तो पुन्हा मधे येत होता. मी तोंड उघडायच्या आत, प्रश्न हवेत असतानाच.

"नाही, नावेद," मी म्हणाले. माझा आवाज इतका कापत होता, की मलाच तो ओळखू येईना. "फोन तिच्याकडेच राहू दे. हे माझ्या अंगावर."



"महरीन," मी म्हणाले, "तुझ्या अब्बूंचा हात बिबट्यानं फाडला, ते तुला ठाऊक आहे. त्या वेळी एका दाराच्या आत मी उभी होते आणि बाहेर ते होते. ते म्हणाले, हेमा, उघड गं."

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पुढे सांगायला लागले.